पालथ्या छत्रीची खूण

१

फट्.

एवढाच तो आवाज. मातीचा वाळका पापुद्रा आतून उचलला जातो आणि तडकतो, तेवढाच. कान जमिनीला लावल्याशिवाय तो ऐकू यायचा नाही. पुंजारामानं तो पहिल्यांदा ऐकला तेव्हा त्याचे दुधाचे दात पडत होते. पुढं म्हातारपणी कान जड झाले, नातसुनेचं बोलणं समजेनासं झालं, पण हा आवाज काही त्याच्या कानातून गेला नाही.

ऐकवला वहिनीनं. पुंजाराम रांगत होता तेव्हाच त्याची आई गेली. मोठा भाऊ नत्थू, त्याची बायको म्हणून माणिकबाई घरात आली आणि आल्या दिवशीच तिच्या ओटीत हा धाकटा दीर पडला. तिनं तो तसाच उचलून घेतला. वलगावच्या पल्याड, पेढी नदीच्या अंगाला त्यांचा मळा. वांगी, मिरच्या, मेथी, कांदे. मळ्याला लागून गावाचं गायरान होतं. गुडघ्याएवढं गवत, मधेमधे बाभळी आणि माणसाच्या उंचीची वारुळं. श्रावणात विजा कडकडून गेल्या की दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता ती त्याला तिथं नेई आणि ओल्या गवतात आडवं व्हायला लावी.

"आयकलं?"

"काय होय थे?"

"सात्या येऊन राहिल्या. माती डोक्यावर घेऊन."

सात्या म्हणजे गवतात उगवणाऱ्या मोठाल्या पांढऱ्या छत्र्या. तिखट घालून शिजवल्या की मटण मागं पडेल अशा. पण त्यांच्याच शेजारी, तशाच पांढऱ्या, तशाच ताटलीएवढ्या कुत्र्याच्या छत्र्याही येतात, आणि त्या खाल्लेलं माणूस ओकून ओकून रिकामं होतं. गावात ज्याची त्याची ओळखायची रीत वेगळी. सुईण मैनाबाई भाजीत चांदीचं जोडवं टाकी आणि ते काळं पडलं नाही की वाढा म्हणे. कोणी म्हणे, मुंग्या लागल्या ती चांगली. माणिकबाई हसे.

"मुंग्याईले काय, त्या जहरही खाते. अन् डोकं सगळ्याईचं सारखंच असते रे पुंजा. उलटून पाह्य."

उलटल्यावर छत्रीच्या पोटाला लुगड्यासारख्या बारीक निऱ्या दिसतात. सात्यांच्या निऱ्या पांढऱ्या. कुत्र्याच्या छत्रीच्या हिरवट, पण कोवळेपणी तिच्याही पांढऱ्याच, तिथं माणूस फसतं. मग देठ पाहायचा. सात्यांचा देठ खाली निमुळता होत वारुळाच्या पोटापर्यंत जातो, उकरत बसलं तर संपत नाही. कुत्र्याच्या छत्रीला मूळ म्हणून नाहीच, खाली नुसता गड्डा. आणि तिच्या देठाला एक कडं असतं, बोटानं वर-खाली सरकणारं. एवढ्यानंही शंका फिटली नाही, तर छत्री देठापासून मोडायची, सरकी काढलेल्या कापसावर पालथी घालायची आणि वर वाटी झाकायची. रात्रभरात निऱ्यांतून पीठ गळतं. कापूस पांढराच राहिला तर चूल पेटवायची. हिरवं चाक उमटलं तर खड्डा करून पुरायचं.

"अन् घाई असली तं?" पुंजारामानं विचारलं होतं.

"घाई असन तं मेथी खावा."

आणखी एक होतं. गायरानात शोधताना एकमेकांना नावानं हाक मारायची नाही. चुकामूक झाली तर टोपलीवर दोन टिचक्या. टक् टक्. दुसऱ्यानं तशाच दोन द्यायच्या. का, ते विचारलं तर म्हणे, "माह्या मायनं सांगतलं. तिले तिच्या मायनं." पुढं काही नाही.

निघताना त्याच्या डोक्याच्या फडक्याचा सुटलेला शेव ती आपल्या हातानं खोचून देई. तो मोठा झाला, मिशा फुटल्या, लग्न झालं, तरी ती सवय गेली नाही. दारातून बाहेर पडताना पुंजाराम आपसूक मान थोडी खाली करायचा. तेवढं झालं की निघायचा.

२

नत्थू पटकीत गेला. बायकांनी माणिकबाईच्या काचेच्या बांगड्या फोडल्या, पण उजव्या हातातलं चांदीचं कडं निघेना. लग्नात घातलेलं. हात भरत गेला तसं ते मनगटात रुतून बसलं होतं. तेल लावलं, रिठ्याचा फेस लावला. शेवटी मैनाबाई म्हणाली, "राहू द्या व. नत्थूचाच जीव निंघत नसन तिच्यातून." तसं ते राहिलं. माणिकबाईनं पुन्हा पाट लावला नाही. मळा आणि पुंजाराम, एवढंच धरून राहिली.

मग ते कापसाचं साल आलं. सातासमुद्रापलीकडं कुठं लढाई जुंपली होती म्हणे, तिकडचा कापूस बंद पडला, आणि वऱ्हाडातल्या कापसाला कोणी कधी ऐकला नव्हता असा भाव आला. लोकांनी ज्वारीच्या जागी कापूस पेरला, बांध फोडून पेरला. गायरानाचा अर्धा तुकडाही नांगरून टाकला. वारुळं नांगराखाली गेली. पुंजारामानंही मळ्याच्या वरच्या तुकड्यात कापूस केला होता, पण बैलबंडी मिळेपर्यंत पाऊस आला आणि काळ्या मातीचे रस्ते बसले ते बसलेच. अमरावतीचा बाजार एवढा जवळ, आणि कापूस घरातच अडकला. मागची खोली बसण्यापुरती जागा सोडून आढ्यापर्यंत भरली.

त्या खोलीत बोललेलं बाहेर येत नसे. आत गेलं की आपला श्वाससुद्धा कोणी उशीखाली दाबल्यासारखा वाटे. माणिकबाई तिथंच बसून लाकडी रेचा फिरवी, सरकी एकीकडं, रुई एकीकडं, आणि दमली की तिथंच रुईवर आडवी होई. भिंतीतून रेच्याची कुईं कुईं तेवढी झिरपत येई.

पुंजारामाची बायको जयवंता तेव्हा सातव्या महिन्यात होती. आधीचं एक पोटातच गेलं होतं, म्हणून मैनाबाई सारखी येऊन पोट चाचपून जाई. जयवंताला डोहाळे लागले ते सात्यांचे.

"लोकाईच्या सुना चिंचा मांगते, हिले जमिनीतलं पायजे," मैनाबाई म्हणाली. "पोट्टं काय वारुळातून येऊन राहिलं का व?"

"तुमी आणून तं देत नाई, वरतून बोलता," जयवंता म्हणाली.

"मी आणीन तं तुले खाववणार नाई. माणिकच आणन."

त्या दिवशी माणिकबाई सकाळी टोपली घेऊन एकटीच गायरानात गेली. दुपार कलली तरी आली नाही. इकडं जयवंताच्या पोटात कळ उठली. मैनाबाईनं तिला आडवं केलं आणि पुंजारामाला म्हणाली, "जाय, माणिकले आण. तिच्या मांडीवर डोकं असल्याबिगर ही पडून राहत नाई."

पुंजाराम धावत गेला. पाऊस नुकता थांबला होता, आभाळ बाभळींच्या शेंड्यांना टेकलं होतं. टोपली आणायची राहिली. त्यानं काठीनं बाभळीच्या खोडावर दोन ठोके दिले. थांबला. पुन्हा दिले. उत्तर नाही. त्याच्या डोळ्यांपुढं जयवंताचा चेहरा होता, ओठ दातांखाली धरलेला.

"वैनी!" तो ओरडला. आणि मग, कळायच्या आत, "माणिकवैनी वो!"

"ओ."

ओ आली ती दोन अंगांनी. एक नांगरलेल्या तुकड्याकडून, एक उभ्या गवतातून. तोच आवाज, तोच हेल. पडसाद असता तर मागून आला असता. हे एकदमच आलं होतं.

पुंजाराम मधे उभा. आधी इकडं मान, मग तिकडं.

नांगरलेल्या अंगानं माणिकबाई चालत आली. पदर डोक्यावर, हात मोकळे.

"टोपली कोठी?"

"राह्यली," ती म्हणाली. "चाल."

३

कळ थांबली. माणिकबाईनं जयवंताचं डोकं मांडीवर घेतलं आणि जयवंता झोपून गेली. पुंजारामाला इतकं हलकं वाटलं की त्या दोन ओंचा त्याला विसरच पडला.

आठवण झाली ती पाण्यामुळं. माणिकबाई न्हाणीवर पाय धूत होती आणि पाणी स्वच्छ वाहत होतं. नांगरलेल्या काळ्या रानातून पावसात चालत आलेल्या माणसाच्या पायाला शेर-दीड शेर चिखल धरतो. पुंजारामाचे स्वतःचे पाय घोट्यापर्यंत काळे होते.

गवतातून चालली असेल, तो मनाशी म्हणाला. गवतानं पाय पुसले जातात.

पण ती गवतातून आली नव्हती.

मग एक एक दिसायला लागलं. एकदा दिसायला लागलं की थांबत नाही. सकाळी कामावर निघताना त्यानं दारात मान खाली केली आणि वाट पाहिली. माणिकबाई समोरच भाकरी थापत होती. तिनं वर पाहिलं, हसली, पुन्हा थापायला लागली. फडक्याचा शेव दिवसभर त्याच्या खांद्यावर लोंबत राहिला.

आणि ते कडं. परातीत हात फिरताना ते कोपरापर्यंत जाई आणि हात खाली आला की खळकन मनगटावर येई. वर, खाली.

"वैनीचा हात वाळला का?" त्यानं जयवंताला विचारलं.

"कायले वाळन? काल मले एकल्या हातानं उचलून बसवलं." मग तिनं त्याच्याकडं नीट पाहिलं. "अवो, तुमाले झालं काय? बाई इतकी माया करून राहिली माह्यी. पहिले टोचून बोलायची, आता एक शब्द उलटा नाई."

"थेच म्हनतो."

"म्हंजे टोचून बोललं तं तुमाले बरं वाटन?"

पुंजारामाला बरं वाटलं असतं.

त्यानं मैनाबाईला वाटेत गाठलं. कड्याचं सांगितलं. म्हातारीनं त्याला खालून वर पाहिलं.

"श्रावण हाय. उपासानं अंग उतरते."

"रिठ्यानंही निंघालं नव्हतं थे, मैनामाय. तूच होती."

"मंग नत्थूचा जीव निंघाला असन," ती म्हणाली आणि हसली. पण मग हसू तसंच ठेवून हळू विचारलं, "काहून रे पुंजा? काय पाह्यलं तू?"

"काई नाई."

"काई नाई तं बायकोकडं पाह्य. बायका बाळंतपणाच्या भेवानं वेड्या होते, इथं गडीच होऊन राहिला."

ती बरोबर बोलत होती. आधीचं पोर गेलं तेव्हाही पुंजाराम असाच झाला होता, विहिरीच्या पाण्यावर संशय, गाईच्या नजरेवर संशय. माणिकबाईनंच तेव्हा त्याला सावरलं होतं. आता माणिकबाईबद्दलचा संशय घेऊन तो कोणाकडं जाणार?

४

मिरच्या निंदताना त्याला टिचक्या ऐकू आल्या.

टक् टक्.

बांबूच्या टोपलीवर नखाची टिचकी मारली की जसा कोरडा, पोकळ आवाज येतो तसा. गायरानाकडून. पुंजारामाचं खुरपं हातात राहिलं. ऊन पडलं होतं, माथ्यावर. मळ्यात दुसरं कोणी नव्हतं.

टोपली राह्यली, ती म्हणाली होती. पालथी पडली असेल. बाभळीच्या पानांवरून तिच्यावर पाणी ठिबकत असेल. किंवा सुतारपक्षी. त्यानं स्वतःला दोन्ही कारणं दिली, आणि दोन्ही पटली. पाणी ठिबकतं, पण दोनदाच ठिबकून थांबत नाही. पुन्हा दोनदा ठिबकायला वाट पाहत नाही.

टक् टक्.

तो बांधापर्यंत गेला. गवत कमरेला लागायला आलं होतं, वारा नव्हता. आत जावं की नाही, हे त्याला ठरवता येईना. आत जाऊन हाक मारायची नव्हती, एवढंच पक्कं होतं. त्यानं बांधावरचा दगड उचलला आणि दुसऱ्या दगडावर दोनदा आपटला.

लगेच उत्तर आलं. टक् टक्. मग पुन्हा, घाईघाईनं, टक् टक्, टक् टक्, जसं हरवलेलं माणूस सापडायच्या बेतात असताना धीर सोडतं तसं.

पुंजाराम मागं फिरला आणि घराकडं पळाला. का पळाला, ते त्याला पुढं कधी नीट सांगता आलं नाही. गवतात जे होतं त्याला भिऊन, का घरात जे होतं त्याच्याजवळ जयवंताला एकटी ठेवल्याच्या भीतीनं.

जयवंता ओसरीत झोपली होती. मागच्या खोलीतून रेच्याची कुईं कुईं चालली होती. तो दाराशी उभा राहिला तशी कुईं कुईं थांबली.

"काय आयकून राहिला रे पुंजा?"

आवाज आला तो स्वच्छ, कानाशी बोलल्यासारखा. त्या खोलीतून, जिथून कोणाचं बोलणं कधी बाहेर येत नसे.

५

विजा झाल्या. दुसऱ्या दिवशी पुंजाराम गुरं बांधून घरात आला तर माणिकबाईच्या लुगड्याचा ओटा भरलेला. छत्र्या. पांढऱ्याशुभ्र, ताटलीएवढ्या, काही त्याहून मोठ्या. घरभर ओल्या मातीचा वास.

जयवंतानं दोन्ही हात तोंडावर धरले. "बाई व! कुठी भेटल्या इतल्या?"

"गवतात," माणिकबाई म्हणाली.

पुंजारामानं एक उचलली आणि उलटली. निऱ्या पांढऱ्या. त्यानं देठ पाहायला बोट घातलं. देठ नव्हता. दुसरी उचलली. तिलाही नव्हता. सगळ्या छत्र्या मानेपासून मोडलेल्या.

"देठ कोठी गेले?"

"देठ घेऊन काय करतं?"

"पाहाले."

"मी पाह्यले ना."

पुंजारामानं तिच्याकडं पाहिलं. त्याच्या सगळ्या आयुष्यात तिनं त्याला कधी 'मी पाहिलं, तू पाहू नको' असं म्हटलं नव्हतं. स्वतः दहादा पाहिलेली छत्रीसुद्धा ती त्याच्या हातात देऊन म्हणे, सांग कोन होय.

"कापसावर ठेवू," तो म्हणाला. "उद्या खाऊ."

"पोरीले आज खावंसं वाटून राहिलं, तू उद्याचं सांगतं?"

"घाई असन तं मेथी खावा," पुंजाराम म्हणाला, आणि तिच्या तोंडाकडं पाहत राहिला.

माणिकबाई हसली नाही. तिला ते कधी ऐकल्यासारखंच वाटलं नाही. तिनं छत्र्या चिरायला घेतल्या आणि कडं कोपरापर्यंत जाऊन खाली आलं.

जयवंता चिडली. "माह्या तोंडचा घास काहून काढता? बाईनं आणल्या. बाईले कळत नाई, तुमाले कळते?"

"मैनामाय नाई म्हनते," तो खोटं बोलला. "आजचा दिवस नोको म्हनते. उद्या खाय."

शेवटी ठरलं ते जुन्या रिवाजानंच. पहिल्यांदा माणिकबाई खाणार, बाकीचे दुसऱ्या दिवशी. दरसाल ती असंच करी, एक घास खाऊन थांबायची. त्या संध्याकाळी ती जेवायला बसली आणि तिनं भाकरीबरोबर सगळा वाडगा संपवला. सावकाश, बोटं चाटून. मग उरलेली भाजी झाकून चुलीजवळ ठेवली.

पुंजारामानं एक छत्री धोतराच्या सोग्यात लपवली होती. दिवेलागणीला मागच्या खोलीत जाऊन, कोपऱ्यातल्या स्वच्छ रुईवर ती पालथी घातली आणि वर पितळी वाटी झाकली.

६

दिवस वर आला. चुलीशी भांड्यांचा आवाज होत होता. माणिकबाई ठणठणीत होती, जात्यावर बसून ओवीसुद्धा म्हणाली होती. पुंजाराम मागच्या खोलीत शिरला. छपराच्या फटीतून उन्हाची एक तिरीप रुईवर पडली होती.

त्यानं वाटी उचलली, छत्री उचलली.

चाक उमटलं होतं. मधे देठाएवढी मोकळी जागा आणि तिच्याभोवती आऱ्यांसारख्या बारीक रेघा. शेवाळासारख्या हिरव्या.

त्यानं बोट लावलं. पीठ बोटाला आलं. म्हणजे तिनं काल वाडगाभर जहर खाल्लं होतं आणि आज ती ओवी म्हणत होती.

कापसाचा दोष असेल, त्याच्या मनानं धरून पाहिलं. पावसाळ्यात कोंदट जागेत रुईला बुरशी येते, हिरवीच येते. पण बुरशी आरे पाडत नाही.

तो उठला आणि जाता जाता त्याची नजर रेच्याच्या मागं गेली. माणिकबाई रोज आडवी व्हायची तिथं, रुईत अंगाचा लांबट खळगा पडला होता. उशाशी डोक्याचा, खोल, गोल. ती तिरीप सरकत तिथवर आली होती, म्हणून दिसलं. नाहीतर दिसलं नसतं.

त्या गोल खळग्याच्या तळाशीही चाक होतं. परातीएवढं. तशाच रेघा, तसाच रंग. मधे मोकळी जागा.

ती देठाएवढी नव्हती. मानेएवढी होती.

पुंजारामानं तिथली रुई मुठीत घेतली. त्याच वेळी ओसरीतून माणिकबाईचा आवाज आला, लाडाचा, कानाशी बोलल्यासारखा.

"खाय पोरी. उद्या झाला ना आता."

७

जयवंताच्या पुढं ताटली होती. भाकरीचा तुकडा भाजीत बुडवून तिनं तोंडाजवळ नेला होता. पुंजारामानं तिचा हात धरला आणि ताटली पायानं उडवली. भाजी अंगणात पडली. कोंबड्या धावल्या, जवळ गेल्या, आणि न टोचताच बाजूला झाल्या. का पुंजाराम ओरडला म्हणून झाल्या, कोणास ठाऊक.

"खाल्लं का? एक घास तरी खाल्ला का?"

"नाई खाल्लं! खाऊ कुठी देता तुमी!" जयवंता रडायला लागली. "बाईनं काल वाडगाभर खाल्लं, त्याईले काई झालं का?"

"म्हूनच," पुंजाराम म्हणाला.

माणिकबाई खांबाशी बसली होती. त्यानं तिच्यासमोर मूठ उघडली. हिरवी रुई.

"उलटून पाह्य म्हनत होती ना तू?" तो म्हणाला. "पाह्य. सांग कोन होय."

ती रुईकडं पाहत राहिली. राग नाही, भीती नाही. लहानपणी तो चुकीची छत्री आणून दाखवायचा तेव्हा ती जशी पाहायची, बोलायच्या आधी, तशी. ही तीच असेल तर? उपासानं हात वाळलेली, वयानं विसराळू झालेली, सात्या ओळखण्यात एकदाच चुकलेली? मग तो आत्ता काय करत होता? कोणाला करत होता?

गायरानाकडून आवाज आला.

टक् टक्.

जयवंता रडता रडता थांबली. "कोन वाजवून राहिलं थे?"

म्हणजे तिलाही ऐकू आलं होतं.

माणिकबाई उठली. पदर सारखा केला. ओसरीच्या पायरीशी पुंजाराम वाट अडवून उभा होता. त्याच्यासमोर येऊन ती थांबली, आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं, मनात नसताना, त्याची मान थोडी खाली गेली.

तिचा हात वर आला. त्याच्या खांद्यावर लोंबणारा फडक्याचा शेव तिनं उचलला आणि कानामागं खोचला. रेचा फिरवून फिरवून तिच्या अंगठ्याला पडलेली चीर त्याच्या कानाला नेहमीसारखी खरबरीत लागली. हात ऊन होता.

मग ती पायरी उतरली आणि गायरानाच्या वाटेला लागली.

टिचक्या थांबल्या. पुंजारामानं तोंड उघडलं. "मा..." एवढं ओठांवर आलं आणि त्यानं दात मिटले. नाव घेतलं तर ओ कुठून येईल, आणि कोण मागं वळेल? मागं जयवंता दोन्ही हात पोटावर धरून उभी होती. त्यानं भिंतीवरचं सूप ओढून काढलं आणि नावाऐवजी त्याच्यावर दोन टिचक्या मारल्या. जोरात. पुन्हा दोन.

बांधाशी ती क्षणभर थांबल्यासारखी वाटली. मग गवतात उतरली. गवत तिच्या गुडघ्यांना लागलं, कमरेला लागलं, मागून मिटत गेलं. मागं न पाहता, काही न बोलता, ती चालत राहिली.